मीठ-मिरची, मार्ग: डोक्यावरून

नर्सिंगच्या मुली एका खोलीत राहिल्या की किस्से साचतातच. त्यात आमच्या भंडाऱ्याच्या हॉस्टेलवर प्रोजेक्ट आला: 'पर्यायी उपचारांबद्दल विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन'. मग काय, फॉर्म कमी आणि किस्से जास्त जमले!

गटात मी, रोशनी आणि लीडर प्रणाली. प्रणाली लेखी परीक्षेत पहिली, पण तोंडी परीक्षेत परीक्षक समोर दिसले की तिचा आवाजच जायचा. मागच्या वर्षी त्यातच नापास झाली. या वेळीही नापास झाली असती तर तिच्या बाबांनी शिक्षणच बंद केलं असतं. आम्हालाही तिच्याइतकंच टेन्शन होतं.

*

पहिला प्रश्न: 'तुम्ही घरगुती उपचार करता का?' सगळ्यांनी ठणकावून लिहिलं, 'अजिबात नाही!' एका सीनियरच्या फॉर्मवर मात्र पिवळट डाग. वर पाहिलं, तर ताईंच्या कपाळावर सुंठीचा ओला लेप!

"ताई, हे काय?"

"हा उपचार थोडाच हाये? हे आईनं सांगितलं हाये!"

*

मग होमिओपॅथी शिकणाऱ्या, रोशनीच्या मामेभावाकडे गेलो. तो तापाने फणफणला होता, पण तशाही अवस्थेत त्याने आम्हाला अर्धा तास गोड गोळ्यांचं महत्त्व पटवलं.

"तू कोणती घेतली?" रोशनीने विचारलं.

"पॅरासिटामॉल! तापात कायले प्रयोग करायचे?"

*

पुढे आंधळगावजवळच्या एका खेड्यात पोस्टिंग लागलं. तिथे प्रणालीने एका आजीला बजावून सांगितलं, 'मनाने काढे पिऊ नका.' परीक्षक नसले की ती बोलायला लागते ती थांबतच नाही. शेवटी घसा बसला. आजीने आत जाऊन काढा आणला.

"पी बाई. कवाची बोलून राहिली!"

घसा भलताच दुखत असणार, कारण प्रणालीने कप घेतला. पण वही काढून विचारलं, "किती एमएल?"

"कपभर."

"आणि किती दिवस?"

"कडू लागणं बंद झालं का बंद कर!"

प्रणालीने ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

*

तिची ही सवय जाणार नाही. औषध देताना पाच गोष्टी बरोबर हव्यात असं आम्हाला घोकून शिकवतात: पेशंट, औषध, डोस, मार्ग (तोंडावाटे की सुईने), वेळ. बिना लेबलचं औषध तर हातातही घ्यायचं नाही.

एकदा रोशनी लग्नाचं जेवण हाणून आली आणि ओकत बसली. मेसच्या कुंदामावशी मीठ-मिरची घेऊन तिची दृष्ट काढायला निघाल्या. प्रणाली आडवी आली.

"मावशी, थांबा! पेशंटचं नाव?"

"रोशनी. रोज पोळ्या वाढतो ना वं तिले!"

"मिरच्या किती?"

"सात."

"एक्सपायरी?"

"अवो, कालच मोहाडीच्या बजारातून आणल्या!"

मग कुठे परवानगी मिळाली. आणि पोरीने चार्टवर लिहिलं: 'मीठ-मिरची, मार्ग: डोक्यावरून.'

*

प्रोजेक्टवरच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी मावशींनी प्रणालीच्या हातात लिंबू ठेवलं. "खिशात ठेव. कोणाची नजर नाही लागत."

"मावशी, आमचा प्रोजेक्ट कशावर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत हाये. ठेव!"

तिने ठेवलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम कडक होत्या. स्क्रीनवर निष्कर्ष होता: 'विद्यार्थ्यांचा अशा उपचारांवर विश्वास नाही.' मॅडम म्हणाल्या, "वाचा." प्रणालीचे ओठ हलले, आवाज काही फुटेना. मला रडूच यायला लागलं. तिने घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि टप्पकन लिंबू पडलं! गडगडत थेट मॅडमच्या बुटाशी.

मॅडमनी ते उचललं. चष्मा लावला. लिंबावर लेबल चिकटवलेलं होतं! त्यांनी मोठ्याने वाचलं, "पेशंट: प्रणाली. औषध: लिंबू. डोस: एक. मार्ग: ॲप्रनचा उजवा खिसा. वेळ: सकाळी नऊ."



"हे पर्समध्ये ठेवलं तर चालेल?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम!" प्रणाली अशी कडाडली की मागच्या बाकावरच्या मुली दचकल्या. "मार्ग बदलायचा तर डॉक्टरांची नवीन ऑर्डर लागते!"

मॅडमनी कागदावर 'पास' लिहिलं, पेन बंद केलं आणि लिंबू आपल्या कोटाच्या उजव्या खिशात टाकलं.