पट्टी माझ्या हातात होती

मला राग लवकर येतो. आता मी वकिली करते म्हणून लोक त्याला धमक म्हणतात; माझ्या गावी, नेरला होते तोवर सरळ आगाऊपणा म्हणत. त्या रागाची मला फारशी लाज नाही. एका दुपारची मात्र आहे.

बारावीनंतर लॉच्या प्रवेश परीक्षेला बसायचं होतं आणि इंग्रजी व्याकरणात आमची पार वाट लागायची. क्लास एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत होता. खालून फवारणीच्या औषधांचा उग्र वास यायचा, डोकं भणभणायचं. सर फळ्यावर उतारा लिहायचे. त्यात ना कॉमा, ना फुलस्टॉप, काहीच नाही. आम्ही वहीत उतरवून चिन्हं घालायची आणि शेजारणीशी वही बदलून तपासायची. जिचं बरोबर आलं, तिनं चुकलेलीला लाकडी पट्टीनं मारायचं. एका चुकीला एक. सरांचा उजवा खांदा आखडला होता, हात वर जात नसे, म्हणून मारायचं काम आमच्याकडं. हळू मारलं तर मारणारीलाच मागच्या बाकावरून दोन बसायच्या. पहिल्याच आठवड्यात मुलांच्या बाकावरच्या एकाचं नख काळंनिळं झालं. घरी कोणी सांगितलं नाही. घरचे म्हणाले असते, चुकला कायले?

माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण जवळच्या खेड्यावरून एसटीनं यायची. घरी कापूस, तूर, चांगली शेती. डोक्यानं ती माझ्यापेक्षा तेज. पण गावच्या शाळेत इंग्रजी तिला धड कोणी शिकवलंच नव्हतं. तिच्या वडिलांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. प्रवेश लागला तर नागपूर, नाही तर शिक्षण बंद. माणूस बोलायला गोड, पण एकदा बोलला की बोलला.

दोघींचंही चुकलं तर सर स्वतः मारायचे, आणि त्या आखडलेल्या हातानं माशी मेली नसती. हे तिच्या लक्षात आलं. मग आम्ही ठरवलं, एकीचं चुकलेलं दिसलं की दुसरीनं वही बदलायच्या आधी आपलंही बिघडवायचं. महिनाभर मी येत असलेले कॉमे खोडले, तिनंही माझ्यासाठी खोडले. हात वाचले. पण खोडायची सवयच लागली आणि सराव परीक्षेत माझे मार्क धाडकन खाली आले. बाबा तहसीलमध्ये कारकून, इंग्रजीत टिपणं लिहिणारे. त्यांनी पेपर माझ्या तोंडावर फेकला आणि अशी कानाखाली दिली की संध्याकाळपर्यंत कान वाजत होता. आई म्हणाली, "जेवून तरी घेऊ द्या तिले." मी जेवले नाही. मला बाबांना चावावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी काही खोडलं नाही. तिनं वही बदलताना माझ्याकडं पाहिलं. माझं सगळं बरोबर, तिच्या तीन चुका. सरांनी पट्टी माझ्याकडं सरकवली.

तिनं हात पुढं केला. पहिली मी हळूच मारली.

"हयद लावून राह्यली काय तिले?" सर म्हणाले. नवरीला लावतात ती हळद. सगळा वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. कोणावर, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सरांवर असेल, बाबांवर असेल. हात मात्र तिचा समोर होता. दुसरी मी पट्टी उभी धरून हाणली. तिनं कळवळून हात पालथा केला, तरी मी तिसरी हाणली, बोटांच्या सांध्यांवर, खांद्यापासून जोर लावून. करंगळीतून बारीक आवाज आला. सर म्हणाले, "आता कसं." आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी मी तिच्या गावी गेले. ती ओसरीवर बसली होती, हाताला प्लास्टर. वडिलांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "बेटा, बसच्या दारात बोट चेंगरलं म्हणते थे. तू होती ना संगं?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती खाली बघत होती. मी खरं बोलले असते तर हा माणूस तसाच उठून क्लासवर गेला असता, सरांची कॉलर धरली असती, आणि परीक्षेला तीन आठवडे असताना क्लासला कुलूप लागलं असतं. हे सगळं एका घोटात माझ्या डोक्यात आलं.

"हो काका, दारच लागलं," मी म्हणाले.

"मंग बस झालं आता," ते म्हणाले. "रोजची ते गर्दी, उद्या पोरगी हातपाय मोडून घेईन. नाही पाठवत मी." मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठले.

फाट्यापर्यंत ती मला सोडायला आली. एसटी दिसली तेव्हा म्हणाली, "मारलं त्याचं काही नाही. माह्यंही चुकलंच होतं. पण मारतानी तू हासत होती."

मी गाडीत चढले. त्या वर्षी मला नागपूरला प्रवेश मिळाला. ती परीक्षेला आली नाही.