भातावर तुटून पडणारे मासे

गळ टाकणाऱ्या दोस्तांनो, आत्ताच भाटघरहून घरी आलोय. तिथल्या रिसॉर्टच्या मागच्या तळ्याकडं कुणी फिरकत नाही. आज कणकेला मासा येईना, म्हणून डब्यातल्या भाताचा गोळा गळाला लावला. लगेच भलाथोरला सायप्रिनस मासा लागला!

मी खूश. तेवढ्यात तिथले माळी दामूअण्णा आले.

"सोडा त्येला. कुंपण घातल्यापासनं आमाला नदीकडं वाट न्हाई. दहाव्याला कावळा शिवला न्हाई, की पिंड हितंच सोडतो. काल माज्या धाकट्या भावाचा सोडला."

मी गळ काढून मासा पाण्यात सोडला.

दुपारी रिसॉर्टमध्येच जेवायला गेलो, तर हॉलबाहेर पाटी होती, 'आमच्याच तळ्यातला ताजा मासा'. रविवारची गर्दी, म्हणून ताटं वाढायला दामूअण्णांनाच लावलं होतं.

तुम्हाला मान वर करून त्यांच्याकडं बघता आलं असतं?