विहारातला मुक्काम

दुष्काळाचं साल. मी नगरहून सायकलवर निघून पाथर्डीकडच्या कोरड्या गावांतून देवीची लस टोचत हिंडायचो. मुक्काम ठरलेला, विहारात. चावडीवर पथारी टाकली की चौकशी सुरू. नाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की "म्हंजे कोन?" डोकं फिरायचं माझं! विहारात बुद्धाच्या मूर्तीपुढं घोंगडी अंथरली की कुणी काही विचारत नसे. बांगडीवाले, कामाच्या शोधात निघालेली बिऱ्हाडं, सगळी तिथंच टेकायची.

पण त्या एका गावात मला विहाराची गरज नव्हती. माझी सख्खी धाकटी बहीण तिथंच दिली होती, हाकेच्या अंतरावर. मेहुणा खडी फोडायला जायचा, पदरी तीन लेकरं, घरात दाणा मोजका. भाऊ आला म्हटल्यावर तिनं शेजारणीपुढं हात पसरले असते, पण मला उपाशी निजू दिलं नसतं. म्हणून दिवस मावळल्यावर गुपचूप विहारात शिरलो. उजाडताच पुढच्या गावाला सटकायचं ठरवलं होतं. केवढा शहाणा मी!

विहार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना धड दिसत नव्हतं, त्यांनी काही मला ओळखलं नाही. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि चटणी आणून दिली. वाटसरूला रोज एका घरानं पाळीपाळीनं भाकरी द्यायची, असा तिथला रिवाज. भुकेपुढं मला कुणाची पाळी हे विचारायचंही सुचलं नाही.

सकाळी घोंगडी सायकलला बांधत होतो, तेवढ्यात ताटली न्यायला बाई आली. माझी बहीण.

"दादा? कवा आलास?"

"काल. म्हटलं, तुला कशाला त्रास..."

ती ताटलीकडंच बघत राहिली. "काल आमची पाळी हुती. वाटसरू आलाय म्हनून थोरलीच्या वाट्याची दिली. तिला म्हनलं, पानी पी अन् नीज." तिनं ताटली उचलली. "तू हायेस म्हनून कळलं असतं, तर पोरगी हसत उपाशी निजली असती रे, मामाच्या मांडीवर."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला जड होऊ नये म्हणून लपलो आणि भाचीच्या तोंडचा घास गिळून बसलो.

"चल, घरी येतो. पोरीला भेटतो."

"नगं. कामावर जायची येळ झाली." ताटली पदराखाली घेऊन ती वळली. दारातून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "या आता, पाव्हणं."