आईचं गुपित आणि ज्युडिथबाईंचं व्याख्यान

मंडळी, आज दुपारी विद्यापीठात गेले होते. राहवत नाही, म्हणून लिहितेय.

तिथे देणगीतून चालणारं एक अध्यासन आहे. दोन देशांनी एकमेकांना समजून घ्यावं, म्हणून परदेशी प्राध्यापक त्यावर वर्षभरासाठी येतात. ऐंशीच्या दशकात, गिरण्यांच्या संपानंतर, ज्युडिथ आल्या. मी एम.ए. करत होते, त्यांची दुभाषी झाले. बाबा गिरणी कामगार, म्हणून पुस्तकासाठी घाटकोपरच्या आमच्या खोलीत त्या आईशी तासन् तास बोलायच्या.

एकदा आई म्हणाली, "संपात मी मुलुंडला धुणीभांडी केली. ह्यांना सांगायचे, शिवणक्लासला जाते. ह्या लिवू नको हां, बाय." मी ते इंग्रजीत सांगितलं. ज्युडिथनी आईचा हात धरून वचन दिलं. बाबा गेले, तरी आईने हे कुणालाच सांगितलं नाही.

आज त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. भरल्या सभागृहात त्यांनी आपल्या पुस्तकातून हेच वाचलं, आईच्या नावासकट. माझा भाऊ शेजारीच बसला होता. "ताई, बाबांना ठाऊक नव्हतं ना?" एवढंच तो म्हणाला.

नंतर मी ज्युडिथना गाठून वचनाची आठवण करून दिली. त्या हसल्या. "पण किती सुंदर गोष्ट आहे ती!"

सुंदर? यार, ते आमच्या आईचं गुपित होतं. आणि ते इंग्रजी शब्द माझे होते.

घरी आले तर आई दारातच. "काय गं, बाईने माझी आठवण काढली का?"

मी "हो" म्हटलं. ती इतकी खूश झाली की पुढचं मला बोलवेना.

तुम्ही काय सांगितलं असतं?