लाल कोळशाला धूर नसतो, असं आई म्हणायची

आमचं घर लाखनीजवळ, हायवेला लागून. कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर. हिवाळ्यात तलावावरून वारा सुटला की घरात बसवत नसे. गतिरोधकावर कोळशाचे ट्रक उसळत, चार ढेकळं खाली पडत. आई सकाळी घमेलं घेऊन ती वेचायची. त्याच कोळशाच्या शेगडीजवळ बसून मी अभ्यास केला आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. हे मी छाती फुगवून सांगते. पण त्याच शेगडीनं आईचा श्वास खाल्ला, हेही सांगायलाच पाहिजे.

आईची पद्धत ठरलेली होती. शेगडी अंगणात पेटवायची. धूर निघून कोळसा लाल झाला की घरात आणायची. मग दार लावायचं, दाराखाली पोतं सरकवायचं, कवेलूखालच्या फटींत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबायची. "लाल कोयशाले धूर नाही रायत," म्हणायची. आमच्या भागात पुष्कळ जण असंच मानतात. तुम्हीही मानत असाल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी सकाळचा खोकला. मग पाण्यानं भरलेली गुंडी डोक्यावर आणताना वाटेत थांबणं. शेजारची काकू आईच्याच वयाची. तिच्या घरात विजेचा हीटर आला होता. ती धुण्याची बादली घेऊन तलावाची पाळ चढायची, वरून जोरात हसायची. त्या हसण्याचा मला राग यायचा. हिला एवढा श्वास कशाला पाहिजे, असं वाटायचं.

एका सकाळी आईला बोलताच येईना. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. नेब्युलायझर लावलं, म्हणजे औषधाची वाफ मास्कमधून आत ओढायची. जरा बरं वाटल्यावर स्पायरोमेट्री झाली. त्यात नळीत जोरानं फुंकावं लागतं, फुप्फुसात किती दम आहे ते कळतं.

"जिंदगीभर फुकणीच फुकली," आई म्हणाली, "आता इथं बी फुकाच लावता का?"

डॉक्टर हसले. मग विचारलं, "बिडी ओढता का?"

"मी? काहीतरीच बोलता, साहेब!"

"मग घरात काय जाळता?"

मी शेगडीचं सांगितलं. ते म्हणाले, "सीओपीडी आहे. श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात. पूर्वीसारख्या होणार नाहीत. इन्हेलर रोज घ्या आणि कोळसा बंद करा. नाहीतर पुन्हा पुन्हा भरती व्हावं लागेल."

बाहेर बाकावर लोक रांगेत बसले होते. कुणाचा पाय मोडलेला, कुणाला ताप. त्या सगळ्यांचा मला हेवा वाटला. त्यांचं बरं होणारं दुखणं होतं.

घरी आल्यावर आईनं इन्हेलर घेतलं, शेगडी मात्र सोडली नाही. मी रोज भांडले. रडले. ती म्हणायची, "याच कोयशावर शिकली तू. आता मलेच शिकवून राहिली?"

अशात वहिनी बाळंत झाली, मुलगा झाला. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात, खोली गच्च बंद करून. आई धापा टाकत तणस गोळा करू लागली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आईची तपासणी होती. तिथं मी हे डॉक्टरांना सांगून टाकलं.

डॉक्टर आईकडे वळले. "आजी, कोळसा लाल झाला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत बाळ झोपेतच जाईल, तुम्हाला कळणारही नाही."

घरी येताच आईनं बाजेजवळची शेगडी उचलली, अंगणात नेली आणि तिच्यावर बादली ओतली. मग फटींतली तणस स्वतःच्या हातानं ओढून काढली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी उलट चिडले. मी म्हटलं, "मी सांगत होती तेव्हा काहून नाही ऐकलं?"

"तू मोठी झाली ना, बाई," आई म्हणाली. "त्याले तर अजून खोकलता बी नाही येत."

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाळाला टोपी घालून, अंगाला लावून उबेत ठेवायचं होतं. वहिनी दमली की आई घ्यायची, लुगड्याच्या पदराखाली. तासन्‌तास. लहानपणी मला ऊब शेगडीची मिळाली. आई तेव्हा कोळसा वेचत असायची. ह्या एवढ्याशा गोळ्याला मात्र अख्खी आई मिळाली होती.

वहिनीनं माझ्या तोंडावरून ओळखलं. "काय ताई, पोराशी बरोबरी करून राहिल्या का?"

"करून राहिली तं!" मी म्हटलं. आई हसली. हसताना खोकली, पण थोडंच.

माझा हेवा अजून पुरता गेलेला नाही. तरी त्या पोराचे उपकार मी मानते, जे माझ्या पदवीला जमलं नाही ते त्यानं केलं. डॉक्टरांचेही मानते.

आईचा आजार आहे, तो राहणार. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात कोळसा पेटला नाही, आणि हिवाळा सरेपर्यंत आईला पुन्हा दवाखान्यात भरती करावं लागलं नाही.