करंजावरची जाळी

आमच्या कॉलनीमागचं तळं कचऱ्यातून उकरून काढलं, त्याला काही वर्षं झाली. आता तिथे हळदीकुंकू बदकंही उतरतात. काठावर आम्ही करंज, निरगुडी, अर्जुन लावले आणि शेळ्यांनी ते खाल्ले. पुन्हा लावले, पुन्हा खाल्ले. मी द्राक्षवाल्यांच्या घरातली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. पिंपळगावला दादाकडे गेले आणि पाखरांपासून घड वाचवायला बागेवर टाकतात ती जुनी जाळी गाडीत घालून आणली. प्रत्येक रोपाला गुंडाळली. शेळ्या हात हलवत परत गेल्या आणि मी आठवडाभर फुशारकी मारत फिरले.

मग एका सकाळी तळ्यावरून आरडाओरडा ऐकू आला. करंजाच्या जाळीत सहा-सात फुटांची धामण अडकली होती. सुटायला जितकी पिळवटत होती, तितका धागा अंगात रुतत होता. खवले सोलवटून रक्त येत होतं. द्राक्षाचे मणी विरळायची कात्री माझ्या पिशवीत असतेच. गुडघ्यांवर बसून एकेक धागा कापू लागले. जाळी माझी होती. धामणीला जिवंत सोडल्याशिवाय मी उठणार नव्हते.

“नाग आहे, मॅडम, बाजूला व्हा!” रोज फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ काठी उगारून धावले.

“धामण हाय साहेब, काय नाय करत ती,” कॉलनीच्या बागेचा माळी ओरडला.

काठी पडलीच. पहिला फटका माझ्या मनगटावर, दुसरा तिच्या पाठीवर. मी उठून त्या गृहस्थांना ढकललं, ते चिखलात बसले. तेवढ्यात आणखी दोघांनी दगड उचलले. बांधलेल्या जिवाला मारायला कसलं आलंय शौर्य! डोकं ठेचलं तरी शेपूट कितीतरी वेळ आपटत होतं. मी त्यांना खुनी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. आईने ऐकलं असतं तर माझं थोबाड फोडलं असतं.

ते पांगल्यावर मी सुजल्या हाताने उरलेल्या जाळ्या फाडायला घेतल्या. पाचव्या रोपाशी भारद्वाज होता. दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, तोच. झटापटीत पंख मोडलेला, गळ्याला धाग्याचा फास, डोळ्यांत मुंग्या. मरून दोन दिवस तरी झाले असावेत.

“याला कुणी मारला, ताई?” माळ्याने विचारलं.

“मी,” म्हणाले, आणि भारद्वाजाच्या गळ्यातला धागा कापत बसले.