चूक बाईची, शिक्षा गाईला का?

बोलण्याआधी बाई गाईच्या पाठीवर हात ठेवायच्या. आधी तळवा, मग उलटा हात कानाच्या बुडाशी. तेवढं झालं की मगच तोंड उघडायचं. समोर कुणीही असो, विद्यार्थी, पुढारी, नाहीतर माझ्यासारखी पत्रकं वाटत फिरणारी पोरगी, सगळ्यांना तोच नियम. "आधी हात लाव, मंग बोल."

गोठ्यात मीटिंग घेणारी दुसरी अधिकारी मी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असेल तर कळवा, मी शब्द मागे घेते. वर्ध्याजवळच्या त्यांच्या पशुपैदास केंद्रात बैठकीची खोली होती, गुबगुबीत खुर्च्या होत्या, कूलरही होता. बाई सगळ्यांना शेणामुताच्या वासात उभं करायच्या. म्हणायच्या, "खुर्चीवर बसलं का माणूस गाईबद्दल बोलत नाई, फायलीबद्दल बोलते."

बाई वडनेरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. शिकून शास्त्रज्ञ झाल्या, पुढे केंद्राच्या प्रमुख झाल्या आणि उभी नोकरी आमच्या भागातल्या गवळाऊ जातीच्या गाईवर घातली. गवळाऊ पांढरी, चपळ, वैशाखातल्या उन्हालाही न हटणारी. पण दुधाला बेताची, आणि तोच तिचा गुन्हा. सरकारदरबारी गाय म्हणजे फक्त बादली!

केंद्रातला कळप लिलावात काढायचं घाटत होतं, तेव्हा मी फाटकावर घोषणा देत होते. बाई बाहेर आल्या.

"काय नेताबाई, काऊन वरडून राह्यली?"

"कळप वाचवायला."

"कोणती गाय वाचवतं? नाव सांग."

मला एकाही गाईचं नाव ठाऊक नव्हतं. बाईंनी हाताला धरून आत नेलं आणि एका गाईपुढे उभं केलं. तिचं नाव कवडी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तोवर तिनं माझ्या झोळीत तोंड घालून पत्रकांचा निम्मा गठ्ठा फस्त केला होता.

"पटलं तिले तुह्यं म्हणणं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यायले पटते का ते पाहू."

मग समितीचा दिवस आला. कळप ठेवायचा की विकायचा, हे त्या समितीच्या अहवालावर ठरणार होतं. साहेबांसमोर धार काढायची आणि दूध मोजायचं, असं ठरलेलं. निवडली होती कवडीच.

सकाळी गोठ्यात गोमाश्या फार होत्या. पाहुण्यांपुढे वासरं तरी स्वच्छ दिसावीत म्हणून बाईंनी स्वतः हुकूम सोडला, सगळी वासरं औषधाच्या पाण्यानं धुवा. धुतली. चकचकीत दिसत होती, अगदी फोटोतल्यासारखी.

साहेब आले. कवडीचं वासरू सोडलं. कवडीनं ते हुंगलं आणि लाथेनं बाजूला केलं. पुन्हा लावलं, पुन्हा लाथ. औषधाच्या वासाखाली तिचं वासरू तिला सापडेना. आणि आमची गाय वासरू ओळखल्याशिवाय पान्हा सोडत नाही. हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, बाईंना तर सगळ्यांत आधी. बादली कोरडी.

शेजारी उभा असलेला गुरांचा डॉक्टर बाईंच्या कानाशी वाकला. "मॅडम, इंजेक्शन देऊ का? पाच मिनिटांत पान्हा सोडते."

तुम्हीच सांगा, त्या जागी आपल्यापैकी किती जण नाही म्हणाले असते? मी नसते म्हणाले. मी तर मनात ओरडत होते, द्या, द्या एकदाचं!

बाईंनी कवडीच्या पाठीवर हात ठेवला.

"नाई. खोटं दूध नाई दाखवाचं." मग साहेबांकडे वळून स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "गाईत दोष नाही. वासरू धुवायला मी सांगितलं. तुमच्या अहवालात तसं लिहा. आणि तासभर थांबा. ही गाय आहे, नळ नव्हे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना नागपूरची गाडी धरायची होती. गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या.

गोठ्यात वीस वर्षं राबणारे गवळीकाका डोक्याला हात लावून बसले. "बाई, आता लिलावच."

"बसू नका. ढेप आणा, मीठ आणा."

बाईंनी पदर खोचला, वासराला साध्या पाण्यानं खळखळून धुतलं आणि सरकीची ढेप नि मीठ त्याच्या पाठीवर चोळलं. कवडी मिठाच्या ओढीनं चाटू लागली. चाटता चाटता थांबली, हुंगलं, आणि घशातल्या घशात हंबरली. "आता हात लाव," बाई मला म्हणाल्या. तिची कास माझ्या तळव्याखाली भरून येत होती. पाहायला साहेब नव्हते. आम्ही तिघंच.

मी म्हटलं, "पत्रक काढते. गाय आजारी होती असं लिहिते."

"खबरदार. लिही का प्रमुखबाईनं गाढवपणा केला."

"तुमचं नाव खराब होईल."

"मंग गाईचं होऊ देऊ का?"

मी तसंच लिहिलं. वर ठळक मथळा: 'चूक बाईची, शिक्षा गाईला का?' पुलगावपासून हिंगणघाटपर्यंत प्रत्येक आठवडी बाजारात वाटलं. लोक वाचून हसले, मग चिडले, मग सह्या द्यायला आले. कळप केंद्रात राहिला नाही, हे खरं. पण लिलावही झाला नाही. जातीची पैदास चालू ठेवायची या अटीवर गाई जिल्ह्यातल्या गवळ्यांना दिल्या. बाईंची बढती मात्र त्यांच्याच तोंडच्या कबुलीवर अडकली, ती कायमची. अशी कबुली देणाऱ्याला आपल्याकडे हीच बक्षिसी! मी संतापले, तर म्हणाल्या, "तुले हात लावाले गाय हाय ना? मंग चूप."

निवृत्तीनंतर त्या बोरगाव मेघेच्या घरून बसनं गवळ्यांच्या दारोदार जायच्या, कालवडी पाहायच्या, दूध मोजायच्या. गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मी आज जे काही खरं लिहिते, ते त्यांचंच देणं आहे. त्यांच्या हयातीत हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, "भाषण नको देऊ."

परवा नवे साहेब गाई पाहायला आले. गवळीकाकांच्या दारात आता कवडीची लेक आहे, नुकतीच व्यालेली. काकांनी वासरू धुतलं नव्हतं. शेणानं माखलेलं ते वासरू साहेबांच्या कडक इस्त्रीच्या पँटला अंग घासून थेट आईकडे गेलं. साहेब पँट झटकत म्हणाले, "हं, तर या जातीबद्दल माझं मत असं आहे..."

"साहेब," काका म्हणाले, "आधी हात लावा."

साहेब गोंधळले. मग त्यांनी हात पुढे केला. गाईच्या पाठीची कातडी थरथरली आणि शांत झाली.